आम्ही उलटत नाही

मी एक जुनी बिडाची इस्त्री आहे आणि माझ्या अंगावर सोनेरी रंग आहे. मित्रांनो, या दोन गोष्टी एकत्र शोभत नाहीत हे मलाही कळतं. इस्त्रीचा रंग काळा, आणि तळ तेवढा वापरून वापरून गुळगुळीत झालेला. पण मला विचारून कुणी रंगवलं नाही. आज मी एका उपाहारगृहाच्या काचेच्या खिडकीत, लाकडी ठोकळ्यावर, प्लास्टिकच्या दोन फुलांच्या मधे बसले आहे. येणारे-जाणारे माझ्याकडे बघून "किती छान!" म्हणतात. मी काय काम करत होते हे त्यांतल्या एकालाही माहीत नाही. म्हणून म्हटलं, आपणच सांगावं. मी स्वभावाने थोडी फटकळ आहे, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म एका ओतारी कारखान्यात झाला. ओल्या वाळूच्या साच्यात वितळलेलं बीड ओतलं आणि आम्ही एकदम बारा इस्त्र्या जन्माला आलो. अकराजणी सुरेख निघाल्या. माझ्या नाकाशी मात्र मसुरीच्या डाळीएवढा खड्डा राहिला. ओतारी मला पुन्हा भट्टीत टाकणार होता, तेवढ्यात गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका शिंप्याने मला उचललं. तो म्हणाला, "हीच द्या. खोट असलेली वस्तू कुठेही ओळखता येते." त्या खड्ड्यामुळे मी वाचले, आणि पुढे त्याच खड्ड्यामुळे ओळखली गेले. ते ओघाने येईलच.

मी काही कोळशाची इस्त्री नव्हे. माझ्या पोटात निखारे घालायची सोय नाही. मी आरपार भरीव, वजन चार किलो, वर लाकडी मूठ. मला शेगडीवर तापवायचं, ओलं बोट तळाला लावायचं आणि 'चर्र' झालं की कामाला जुंपायचं. शिंपी मला एका हाताने उचलायचा आणि कापडावर ठेवताना जराही आपटायचा नाही. त्याच्या दुकानातून घडी मोडलेला एकही कपडा बाहेर गेला नाही. लोक म्हणायचे, "काय शिलाई आहे!" त्यांना काय माहीत, अर्धी करामत माझी होती.

शिंप्याला दोन मुली. त्यांची आई लवकर गेली, त्यामुळे त्या दुकानातच वाढल्या. थोरली आणि धाकटी यांच्यात सहा वर्षांचं अंतर. थोरली तिच्या केसांच्या फिती माझ्याकडून सपाट करून घ्यायची. धाकटी थंडीत माझ्याजवळ यायची. काम संपून मी कोमट झाले की दोन्ही तळवे माझ्या पाठीवर ठेवून बसायची आणि शाळेत कोण काय म्हणालं ते सगळं मला सांगायची. खरं सांगते, त्या दोघींत माझा जीव धाकटीवर जास्त होता.

मग विजेची इस्त्री आली. लाल वायर, हलकं अंग, आणि कानाशी एक दिवा. शिंप्याने मला दाराला टेकण म्हणून जमिनीवर ठेवलं. नऊ वर्षं मी दार अडवत बसले. माझ्यावर पाय ठेवून लोकांनी बुटांचे बंद बांधले. मला वाईट वाटलं, पण मी म्हटलं, चला, निदान घरात तरी आहोत.

पुढे शिंप्याची नजर गेली. आधी सुईत दोरा जाईना, मग सुईच दिसेना. शिवणयंत्र बंद झालं. थोरली तोवर कामाला लागली होती. चार घरं पलीकडे एक मांसाचं दुकान होतं. तिथले काका मांसाच्या मोठ्या तुकड्यांना मीठ-मिरी चोळून त्यांना दिवसभर लाकडाच्या मंद धुरात टांगून ठेवायचे. सगळी गल्ली त्यांना धुरकाका म्हणायची. थोरली त्यांच्याकडे ते धुरावलेलं मांस पातळ कापून द्यायला उभी राहायची. संध्याकाळी फळीवर जे उरायचं, म्हणजे काळपट कडा, टोकं, सुरीखालचा चुरा, ते धुरकाका कागदात बांधून तिला द्यायचे. ते म्हणायचे, "गिऱ्हाइकाला नुसता दिखावा लागतो. खरी चव या कडांत आहे."

घरी शिळा पाव असायचा आणि थोडं चीज असायचं. दोघी बहिणी त्याचं सँडविच करायला बसायच्या आणि रोज त्यांची भांडणं व्हायची. कारण सँडविच उलटताना सगळा घोटाळा व्हायचा. मांसाचा चुरा तव्यावर, चीज उलथन्याला, आणि पावाचा एक काप थेट जमिनीवर, म्हणजे माझ्या शेजारी. एके दिवशी खुर्चीत बसलेला शिंपी वैतागून म्हणाला, "अगं, उलटता कशाला? मी आयुष्यभर इस्त्री केली, कधी टेबल उलटलं का? खालून आच आहेच, वरून ऊब द्या आणि दाब द्या. दारातली इस्त्री घ्या."

दोघी आधी पोट धरून हसल्या. मग थोरलीने मला उचललं. मीठ आणि अर्धं लिंबू घेऊन तिने नऊ वर्षांचा गंज घासून काढला, तेल लावलं, आच दिली, पुसलं, पुन्हा तेल लावलं. तीन दिवस ती माझ्या मागे लागली होती. चौथ्या दिवशी मला दुसऱ्या शेगडीवर तापत ठेवलं.

रीत अशी ठरली. मांसाच्या कडा बारीक चिरून आधी नुसत्याच तव्यावर फिरवायच्या, त्यांची चरबी सुटली की काढून घ्यायच्या. पावाला बाहेरून लोणी. आत खाली चीज, मधे मांस, वर पुन्हा चीज, म्हणजे चुरा दोन्हीकडून चिकटून बसतो. तवा मंद. आणि मग वरून मी. थोरलीने ओलं बोट माझ्या तळाला लावलं, 'चर्र' झालं, आणि तिने मला पावावर ठेवलं. लोण्याचा असा काही आवाज उठला की खुर्चीतला शिंपी मान वर करून म्हणाला, "हं. आता बोलली."

ते सँडविच कुणीही उलटलं नाही. दोन्ही बाजू एकसारख्या तांबूस, कडेने चीजचा एक थेंब बाहेर आलेला, तेवढाच. तिघांनी एकच सँडविच तीन भाग करून खाल्लं आणि ताटलीतला चुराही वेचला. मित्रांनो, नऊ वर्षांनी माझा जीव भांड्यात पडला.

महिन्याभरात शिंप्याच्या दुकानाची खिडकी सँडविचची खिडकी झाली. पाटी लिहायला रंगारी आला. थोरलीने त्याला मजकूर सांगितला, "आम्ही उलटत नाही." रंगाऱ्याने कुंचला खाली ठेवला. तो म्हणाला, "ताई, खाण्याच्या दुकानावर असं लिहू नये. लोकांना वाटेल, पूर्वी खाऊन उलटून पडायचं." धाकटी हसून हसून जमिनीवर बसली. थोरली मात्र हट्टी. पाटी तशीच लागली. पहिल्याच दिवशी टपाल घेऊन येणारा पोस्टमन पाटी वाचून म्हणाला, "बरं झालं लिहिलंत. मी डबा आणला नाही, तेव्हा तुमच्या भरवशावर आहे." तो तेव्हापासून रोजचा झाला.

त्याच दिवशी शिंप्याने दोघींना जवळ बोलावलं. चाचपडत त्याने माझी मूठ शोधली, एकीचा हात त्यावर ठेवला, त्यावर दुसरीचा ठेवला. "ही दोघींची," तो म्हणाला. "एकीची नाही. लक्षात ठेवा."

थोरली म्हणाली, "ऐकलंस ना? उलटलीस तर बघ माझ्याशी गाठ आहे."

"तूच उलटशील," धाकटी म्हणाली. "मी नाही बाई."

मी थंड होते, तरी त्या दोन हातांनी मला ऊब आली.

सात वर्षं घडी छान बसली होती. दुपारी खिडकीपाशी रांग लागायची. गाड्या दुरुस्त करणारे, दवाखान्यातल्या परिचारिका, शाळेतले मास्तर, सगळे उभ्याने खायचे आणि बोटं चाटायचे. एका मास्तरांनी वर्गात माझ्यावर निबंध लिहायला दिला होता असंही ऐकलं. तुमच्यातल्या कुणी तो लिहिला असेल तर चुका पोटात घालते.

आता एक गोष्ट मला सांगायलाच हवी, नाहीतर माझी हकिगत अर्धवट राहील. या सात वर्षांत थोरलीने मला धाकटीच्या हातात कधी दिलं नाही. धाकटी चीज किसायची. पाव कापायची, लोणी लावायची, तवे घासायची, पण मुख्य म्हणजे चीज किसायची. किसणीने तिची नखं कायम झिजलेली असायची. कधीतरी ती विचारायची, "ताई, आज मी दाबू का?" थोरली माझ्यावरची नजर न हलवता म्हणायची, "तुझा हात हलका आहे गं. दाब नीट बसत नाही. चीज संपत आलंय बघ." ती हे रागाने म्हणायची नाही, सवयीने म्हणायची. धाकटी मान खाली घालून किसत राहायची. आणि मी? मला थोरलीच्या हाताची सवय झाली होती, मी स्वतःच्याच तोऱ्यात होते. जिने लहानपणी मला सगळं सांगितलं, ती आता गप्प झाली आहे, हे मी पाहिलं आणि सोडून दिलं.

मग समोरच्या बाजूला, रस्त्यापलीकडे, नवं उपाहारगृह बांधायला घेतलं. आमचा रस्ता अरुंद, पंधरा पावलांचा. इकडे कुणी शिंकलं तर तिकडचा माणूस रुमाल काढेल. त्या जागेचे मालक सगळीकडे काच लावत होते, म्हणून पोस्टमनने त्यांचं नाव काचवाले पाडलं. काचवाले चार दिवस ओळीने आमच्या खिडकीपाशी येऊन सँडविच खाऊन गेले. पाचव्या दिवशी थोरली मांस आणायला धुरकाकांकडे गेलेली असताना ते आले आणि धाकटीला विचारू लागले, "हे तुम्हीच करता का हो?"

तिला हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. मी शेगडीवर होते, तिची किसणी थांबलेली मला कळली.

"हो," ती म्हणाली. "मीच करते."

मित्रांनो, माझ्या डोळ्यांदेखत ती खोटं बोलली. तरीही मला राग आला नाही. मला वाटलं, जाऊ दे, एकदा म्हणून घेऊ दे बिचारीला. माझं चुकलं ते तिथेच.

आठवड्याच्या सुट्टीचा दिवस होता. दुपारी थोरली बाबांना अंघोळीसाठी पाणी काढत होती. धाकटीने मला चीज झाकायच्या पंच्यात गुंडाळलं आणि दारातून ओरडून सांगितलं, "ताई, इस्त्रीची मूठ हलतेय. दुरुस्तीला टाकून येते."

"अगं बाई, कधीपासून?" आतून थोरलीचा आवाज आला. "आजच्या आज मिळेल असं बघ."

आता माझा बावळटपणा ऐका. मूठ हलत नव्हती. चाळीस वर्षांत ती तसूभरही हलली नव्हती. पण धाकटी इतक्या काळजीने बोलली की मलाच वाटलं, हलत असेल बाई, वय झालं आता. कुणी आपली काळजी करतंय याचा मला आनंद झाला. पंच्यात गुंडाळलेली मी पावलं मोजत होते. एक, दोन, पाच, दहा. पंधराव्या पावलाला ती थांबली. पंधरा पावलांवर दुरुस्तीचं दुकान नाही, हे मला तेव्हा आठवलं.

काचवाल्यांच्या स्वयंपाकघरात नव्या रंगाचा वास येत होता. एका आचाऱ्याने मला तराजूत घातलं आणि वजन कागदावर लिहून घेतलं. मग धाकटीला म्हणाला, "एकदा करून दाखवा. किती तापवायची, किती वेळ ठेवायची, सगळं."

तिने मला तापवलं. ओलं बोट लावलं. आणि कामासाठी मूठ आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात आली. मित्रांनो, तिचा हात हलका नव्हता. तो शिंप्याचा हात होता. न आपटता ठेवणारा, सगळीकडे सारखा दाब देणारा. थोरलीचा हात चांगला होता, पण हा त्याहून चांगला होता. हे मला सात वर्षांत कळायला हवं होतं, आणि ते कळलं ते त्या परक्या घरात. मला इतकं रडू आलं म्हणून सांगू. पण बिडाला रडता येत नाही, फक्त चुरचुरता येतं.

सँडविच उत्तम झालं. काचवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आचाऱ्याने टेबलावरचं एक चकचकीत यंत्र उघडलं. त्याला वर एक तापणारा पत्रा आणि खाली एक तापणारा पत्रा. मधे पाव ठेवायचा आणि झाकण दाबायचं. माझ्या वजनाइतका दाब त्यात बसवला, आणि माझं काम संपलं. एकाच सँडविचपुरतं मला आणलं होतं. मी थंड झाले तरी कुणी परत नेलं नाही. काचवाले म्हणाले, "हिला सोनेरी करा, खिडकीत ठेवू. लोकांना जुनं आवडतं."

मला वाटलं, धाकटी आता नाही म्हणेल. ती म्हणाली, "नाकाशी खड्डा आहे, तो आधी बुजवा."

केसाने गळा कापणं म्हणतात ना, तो शब्दप्रयोग मला त्या दिवशी समजला. माझी एकमेव खूण तिला ठाऊक होती, आणि तिने तीच पुसायला सांगितली. रंगकाम करणाऱ्याने आळस केला म्हणून तो खड्डा वाचला, नाहीतर आज मला मीसुद्धा ओळखलं नसतं.

तीन आठवडे खिडकीच्या काचेला आतून कागद लावलेले होते. मला काही दिसत नव्हतं, पण सगळं ऐकू यायचं. धाकटी सकाळी समोर जाऊन चीज किसायची आणि दुपारनंतर काहीतरी निमित्त काढून इकडे यायची. तिकडे थोरली माझ्याविना झगडत होती. आधी कागदात गुंडाळलेली वीट ठेवून पाहिली, मग पाण्याने भरलेलं पातेलं. चीज वाहायचं, वरची बाजू पांढरीच राहायची. शेवटी ती सँडविच उलटू लागली.

"ताई, वरची पाटी वाचता का?" पोस्टमन म्हणायचा.

"दोन दिवस चालवून घ्या हो. इस्त्री दुरुस्तीला गेलीय."

ती हे रोज म्हणायची. धाकटी तिला सांगायची की कारागीर आजारी आहे, मग कारागीर बाहेरगावी आहे, मग मुठीला लाकूड मिळत नाही. एवढी कारणं ऐकून मलासुद्धा त्या कारागिराची काळजी वाटू लागली.

एका दुपारी मी शिंप्याचा आवाज ऐकला. त्याची खुर्ची खिडकीशीच असायची. तो म्हणाला, "मूठ हलत नव्हती गं. त्याच सकाळी मी धरून पाहिली होती."

थोरलीचं उलथनं तव्यावर खरखरलं. मग म्हणाली, "हलत असेल बाबा. धाकटी म्हणाली ना."

ज्या हातांनी वर्षानुवर्षं मला धरलं, त्या हातांपेक्षा तिने धाकट्या बहिणीच्या शब्दावर विश्वास ठेवला. माझं काय व्हायचं ते होवो, पण थोरलीच्या त्या एका वाक्याचं काय होणार, याची मला तेव्हापासून धास्ती बसली. कागद निघाले की ती मला बघणार होती. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपल्याला ओतारीने भट्टीत टाकलं असतं तर बरं झालं असतं.

उद्घाटनाच्या सकाळी कागद फाडले. ऊन थेट माझ्या सोनेरी तोंडावर आलं. माझ्यापुढे एक छापील पट्टी होती: 'आमच्या आजीची इस्त्री. न उलटता भाजलेलं सँडविच.' काचवाल्यांच्या आजीने मला कधी पाहिलं नव्हतं, आणि मी तिला. आत पांढरी उंच टोपी घालून धाकटी उभी होती. तिच्या सदऱ्यावर तिचं नाव शिवलेलं होतं. सगळे तिला 'शेफ' म्हणत होते. चीज किसायला दुसरं माणूस होतं.

थोरली खिडकी उघडायला आली, तिने समोर पाहिलं, आणि फळीचा कडी-कोयंडा हातात तसाच राहिला. मी तिच्याकडे बघत होते. ती माझ्याकडे बघत होती. मग तिने खिडकी पुन्हा लावली, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगितलं, आणि रस्ता ओलांडून आली.

ती आत येऊन माझ्या शेजारच्याच टेबलावर बसली. सँडविच मागवलं. धाकटीने ते स्वतः आणून ठेवलं, कारण दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवायची तिची छाती झाली नाही. थोरलीने हात लांब करून माझ्या नाकाशी बोट फिरवलं. डाळीएवढा खड्डा तिच्या बोटाला लागला.

"मूठ छान दुरुस्त झालीय," ती म्हणाली.

धाकटीने टेबलावरची ताटली उगाच सरळ केली.

थोरलीने सँडविच खाल्लं. सावकाश, शेवटच्या घासापर्यंत. त्यात कडा नव्हत्या, चुरा नव्हता. एकसारखे कापलेले सुरेख गुलाबी तुकडे होते. आचारी हौसेने पुढे येऊन उभा राहिला. "कसं झालंय?"

"चांगलं झालंय," थोरली म्हणाली. ती आचाऱ्याकडे बघत नव्हती. "पाव खुसखुशीत आहे. दाबही अगदी सारखा बसलाय. फक्त उलटलंस गं."

"नाही हो, ताई!" आचारी घाईघाईने म्हणाला. "आम्ही उलटत नाही. यंत्र दोन्हीकडून भाजतं, उलटायची गरजच पडत नाही. या, दाखवतो."

तो बिचारा खरंच यंत्राचं झाकण उघडून दाखवू लागला. दोघी बहिणींपैकी कुणीही तिकडे पाहिलं नाही. धाकटीची टोपी पुढे सरकून कपाळावर आली होती, ती तिने वर केली नाही. मग अगदी हळू ती म्हणाली, "सात वर्षं मी विचारत होते, ताई. एकदा दाबू का म्हणून."

"विचारत होतीस," थोरली म्हणाली. "ते माझं चुकलं. पण मला कारागीर आजारी आहे म्हणालीस, आणि मी बाबांना खोटं ठरवलं."

आचाऱ्याला काहीतरी बिनसलंय एवढं कळलं. माणूस मनाचा चांगला होता. त्याने मला ठोकळ्यावरून उचलून थोरलीपुढे धरलं. "तुमची आहे का ही? मग घेऊन जा की. इथे नुसती शोभेला आहे."

मित्रांनो, त्या क्षणी मी मुठीपासून तळापर्यंत तिची झाले. थोरलीने मला हातात घेतलं, वजन जोखलं, तळावरच्या सोनेरी रंगावर नख ओढून पाहिलं. मला वाटलं, आता घरी. मीठ, अर्धं लिंबू, तीन दिवस, आणि मग 'चर्र'. तिने मला होतं तसं ठोकळ्यावर ठेवलं.

"दोघींची आहे ती," ती म्हणाली. "एकटीने नेऊन कसं चालेल?"

आणि ती निघून गेली. पंधरा पावलं मी तिची पाठ मोजली.

मला तिचाही राग आला. धाकटीने फसवून आणलं, ते एक झालं. पण हिच्या हातात होते, दार उघडं होतं, कुणी अडवत नव्हतं, तरी ही मला ठेवून गेली. एका घरातल्या दोघींनी मला टाकलं. तुम्ही म्हणाल, इस्त्रीने एवढं मनाला लावून घेऊ नये. तुम्ही नऊ वर्षं दाराला टेकण होऊन बघा, मग बोला.

दुसऱ्या दिवशी समोर तोच जुना रंगारी शिडी लावून उभा दिसला. थोरलीने जुनी पाटी खरवडायला लावली आणि नवी सांगितली. रंगाऱ्याने पुन्हा कुंचला खाली ठेवला, डोकं खाजवलं, पण या वेळी वाद घातला नाही. आता तिथे लिहिलं आहे, 'आम्ही उलटतो.' ती खरंच उलटते, सगळ्यांदेखत. सुरुवातीला बरंच सांडायचं. आता हात बसला आहे. पोस्टमन पाटी वाचून म्हणाला, "ताई, आता मात्र मी डबा आणत जाईन." थोरली खळखळून हसली. माझ्याविना ती हसू शकते, हे मला फार लागलं.

शिंप्याची खुर्ची खिडकीशीच आहे. पाव तव्यावर पडला की तो मान वर करतो, थोडा वेळ ऐकतो, आणि मान खाली घालतो. काय ऐकायचं राहिलंय ते तो बोलून दाखवत नाही.

आणि धाकटी? ती रोज सकाळी गिऱ्हाइकं यायच्या आधी खिडकीत येते. जुन्याच पंच्याने माझ्यावरची धूळ पुसते. गेल्या आठवड्यात तिने नखाने माझ्या नाकावरचा रंग थोडासा खरवडला. काळं बीड दिसू लागल्यावर दचकून थांबली. काल पुन्हा तेवढाच खरवडला. आज ती दोन्ही तळवे माझ्या पाठीवर ठेवून उभी राहिली, लहानपणी ठेवायची तसे. मी थंड होते, तिला ऊब देऊ शकले नाही. तिने समोरच्या खिडकीकडे पाहिलं. तिकडे थोरलीही उलथनं हातात धरून इकडेच बघत होती. मग तिकडे कुणीतरी सँडविच मागितलं, इकडे आचाऱ्याने हाक मारली, आणि दोघी आपापल्या कामाकडे वळल्या.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात जी वस्तू दोघांची असेल, तिच्यावर दोघांचाही हात पडू द्या. एकाच्याच हातात ती राहिली तर दुसऱ्याच्या मनात काय शिजतं ते कुणाला दिसत नाही, आणि वस्तूला दिसलं तरी तिला बोलता येत नाही. आणि मला बघून "किती छान!" म्हणू नका. माझा राग अजून गेलेला नाही. पण माझ्या नाकावर आता बोटभर काळी जागा झाली आहे, आणि मी दिवस मोजते आहे. मी चार किलोची आहे, एका हाताने सहज उचलता येते. तरी या वेळी मी एका हाताने उठणार नाही.